आबांच्या उजव्या बाजूचा मासा

मासे ठेवायची काचेची पेटी घ्यायला दीड तास लागतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी दुकानात रेंगाळणारी बाई नाही. साडी दहा मिनिटांत घेते, कुकर पाच मिनिटांत. पण गेल्या आठवड्यात मेहरूण तलावाकडच्या माशांच्या दुकानात मी दीड तास उभी होते, आणि त्यातला निम्मा वेळ मी जळगावात नव्हतेच.

वैशाख लागला की आमच्याकडे बोलणं कमी होतं. दारंखिडक्या सकाळी नऊलाच बंद, कूलरला वाळ्याचे पडदे, आणि टेबलावर माझे पाचवीच्या परिसर अभ्यासाचे पेपर. यंदा त्यात साक्षीची भर. साक्षी म्हणजे माझी लेक, नुकतीच सहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. परीक्षा संपली की फिशटँक घेईन, असं मी जानेवारीत बोलून बसले होते, आणि पोरीनं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. सुटका नव्हती. डोक्याला ओढण्या गुंडाळून आम्ही दोघी निघालो.

साक्षीला गोल भांडं हवं होतं. काचेचं, पोट फुगलेलं, वर झालरीसारखी कड असलेलं. मलाही ते बघून बरं वाटलं नाही असं नाही. दुकानदार शकीलभाई साठीतले, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी ते भांडं खाली काढूनसुद्धा दिलं नाही.

"मॅडम, ते फोटोत छान दिसतं. मासा त्यात जगत नाही. मरायला वेळ लावतो, बस."

"म्हणजे?"

"वरून तोंड बघा केवढंसं आहे. पाण्यात हवा जाणार कुठून? त्यात आपला हा उन्हाळा. गरम पाण्यात हवा तशीही टिकत नाही."

मग साक्षीनं एका उंच टँककडे बोट दाखवलं. "हा माणसाच्या हौसेचा," शकीलभाई म्हणाले. "मासा काय जिने चढतो का बेटा? त्याला आडवं पोहायचं असतं. लांब घ्या, पसरट घ्या. गोल्डफिश आज बोटाएवढा दिसतो, उद्या तळहाताएवढा होतो." त्यांनी दोन फुटी लांबट टँक पुसून पुढे ठेवला. खिडकीजवळ ठेवू नका, टेबल भक्कम हवं, भरल्यावर दोन माणसांनाही हलत नाही. मी वहीत लिहून घेत होते. मास्तरीण आहे, सवय जात नाही.

"आणि पाणी कोणतं टाकणार?"

"त्याची काळजीच नको," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "परवा आमचा नळाचा दिवस आहे. मला शिळं काही चालत नाही. नळाला धरून सरळ टँकमध्येच भरते. एकदम ताजं."

शकीलभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे बाप रे! ताज्या पाण्यानंच तर मरतो ना मासा. नळाच्या पाण्यात औषध असतं, जंतू मारायचं. माणसाला चालतं, माशाचे कल्ले जाळतं ते. दोन दिवस बादलीत उघडं राहू द्या, औषध उडून जातं. मग टाका. आणि सगळं एकदम बदलायचं नाही. चौथा हिस्सा काढायचा, चौथा हिस्सा भरायचा. शिळं पाणी हेच माशाचं घर."

त्या क्षणी मला काउंटर धरावा लागला. साक्षी म्हणाली, "आई, ऊन लागलं का गं?" मी हो म्हणाले. शकीलभाईंनी स्टूल दिलं, पाणी दिलं. मी ग्लास हातात घेतला आणि मला आबांचा डावा हात दिसला. आडवा धरलेला, तळवा खाली, हवेत दोनदा दाबलेला.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. वॉलमन म्हणजे गल्ली-गल्लीतल्या पाण्याचा वॉल उघडून देणारा माणूस. खांद्याएवढी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे आणि खड्ड्यात चावी घालून फिरवायचे. मी लहानपणी त्या दांडीवर बसून पुष्कळ फिरले आहे. गल्लीच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला त्यांचा जोडीदार. मध्ये पाणी आलं म्हणून बायकांचा कालवा, "पानी उनं, पानी उनं", त्यात हाक कुठली ऐकू यायला! मग हे दोघं हातानं बोलायचे. हात वर केला की सोड. मूठ गरगर फिरवली की अजून सोड. आणि हात आडवा धरून तळवा दोनदा खाली दाबला की बंद कर.

त्यांच्या खाकी शर्टाला कायम ब्लिचिंग पावडरचा वास असायचा. पाणी आलं त्या दिवशी ते आम्हाला नळाचं पाणी पिऊ द्यायचे नाहीत. "आज नका पेवा माय, आज त्याले वास शे." मला ते माय म्हणायचे. हे मी ऐकत मोठी झाले, एकदा नाही, शंभरदा. आणि पुढे वर्षानुवर्षं फळ्यावर जलशुद्धीकरणाची आकृती काढली, बाण काढला, बाणापुढे 'क्लोरीन' लिहिलं, पोरांकडून पाठ करून घेतलं. माझ्याएवढी शिकलेली आंधळी मी दुसरी पाहिली नाही.

साक्षी व्हायच्या दोन वर्षं आधीचा तो उन्हाळा. फाल्गुनात आबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घशातून नुसता 'आं, आं' असा आवाज निघायचा. शाळेला सुट्टी लागली तशी मी धुळ्याला येऊन राहिले. खाट मधल्या खोलीत होती. डॉक्टर म्हणाले, किती समजतं ते आज सांगता येणार नाही, वाट बघा. आम्ही दोन-तीन आठवडे वाट बघितली आणि मग घरानं हळूहळू ठरवूनच टाकलं, की त्यांना काही समजत नाही. कुणी तसं मोठ्यानं म्हटलं नाही. पण आम्ही त्यांच्यादेखत सगळं बोलायला लागलो. भेटायला येणारे त्यांच्या पायाशी उभं राहून 'आता किती दिवस' असं विचारायचे आणि आम्ही उत्तरं द्यायचो. मला तेवढं पटत नव्हतं. कुठेतरी आबा आत जागे आहेत असं वाटायचं. मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता, कोणताही, माय म्हणाले असते तर सोन्याहून पिवळं.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं, यांची मान उजवीकडे वळायला हवी. त्या बाजूला काहीतरी हलतं ठेवा. मी त्याच दिवशी बाजारात गेले आणि पाच मिनिटांत एक गोल भांडं आणि एक केशरी मासा घेऊन आले. पाच मिनिटांत! भांडं निवडताना मी काय बघितलं, तर ते आबांच्या उजव्या हाताकडच्या स्टुलावर मावतं का, आणि त्यातून मासा मोठा दिसतो का. एवढंच.

पण आबांनी मान वळवली. पहिल्या दिवशी जराशी, तिसऱ्या दिवशी पूर्ण. अर्ध्या तोंडानं हसले. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हटलं, अगं रडतेस काय, साखर वाट गल्लीत. खरंच वाटली मी.

धुळ्याच्या आमच्या भागात त्या उन्हाळ्यात आठ दिवसांनी पाणी यायचं. जिथे पाणी आठ दिवसांनी येतं, तिथे पाण्याचा दिवस सणासारखा असतो. आदल्या दिवसापासून भांडी रिकामी करायची, राखेनं घासायची. हंडे, पिंप, बादल्या, पातेली. आणि नळाला फुसफुस सुरू झाली, की कालपर्यंत जपून थेंब-थेंब वापरलेलं पाणी बायका बेधडक ओतून द्यायच्या, कारण ते आता शिळं झालं. आठ दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, तेच अंगणात भसकन फेकायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. मी तर चार पावलं पुढे. घरात पहिला मान आबांच्या माशाला. त्याला मगात काढायचं, गोल भांडं घासून लख्ख करायचं आणि नळाची पहिली ताजी धार त्यात. मग हंडे, मग बाकी सगळं.

पहिला मासा पाण्याच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला आणि दिवेलागणीला आडवा झाला. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी पेजेला तोंड लावलं नाही. मी धावत जाऊन तसाच दुसरा आणला. तो पुढच्या पाण्याच्या दिवशी गेला. मग तिसरा. आई म्हणाली, ऊन लागलं बिचाऱ्याला. शेजारच्या अक्का म्हणाल्या, दृष्ट लागली. आईनं मीठ-मिरच्या घेऊन त्या भांड्यावरून उतरवून टाकल्या.

आणि दर पाण्याच्या दिवशी, मी भांडं उचललं की आबांचा डावा हात उठायचा. थरथरत, वाकडातिकडा. आडवा व्हायचा, तळवा खाली, दोनदा दाबायचा. सोबत 'आं, आं'. मी काय म्हणायचे ठाऊक आहे? "हो आबा, पाणी आलं! तुमचंच पाणी! आनंद झाला ना?" ते आणखी जोरात हात दाबायचे. मी आणखी मोठ्यानं हसायचे. आईला म्हणायचे, बघ, पाणी आलं की कसे खूश होतात, शेवटी जन्म गेला ना पाण्यात.

लहानपणी दोनशे पावलांवरून ओळखलेला हात मला दोन हातांवरून ओळखू आला नाही. नेहमी ते उजव्या हातानं करायचे, हा डावा होता, थरथरत होता, अशी कारणं मी आता शोधते आहे. कारणं आहेत. त्यांनी माझं समाधान होत नाही.

चौथ्या माशाच्या वेळी पाणी भर दुपारी आलं. मासा स्टीलच्या मगात होता. मी भांडं घासून, नळाला धरून काठोकाठ भरून आणलं, स्टुलावर ठेवलं आणि माशाचा मग उचलायला वळले. पाठीमागे काच फुटल्याचा आवाज झाला. आबांनी डावा हात अंगावरून पलीकडे टाकून भांडं ढकललं होतं. अर्धे खाटेबाहेर लोंबकळत होते. सगळीकडे पाणी, काचा, त्यांच्या मनगटातून रक्त. हा एवढा पल्ला त्या हातानं कसा गाठला देव जाणे. व्यायामाच्या बाईंनी महिनाभर खटपट करून तो हात तेवढा गेला नव्हता.

मी आधी रक्त पुसलं, पट्टी बांधली. मग ओरडले. खूप ओरडले. "आबा, तुम्हाला काही कळतं का? किती जीव आटवतो आम्ही तुमच्यासाठी, आणि तुम्ही हे करता? आता नाही आणणार मी. अजिबात आणणार नाही. पडा भिंतीकडे बघत!" आई मला "बाई, राहू दे, बाई" म्हणत राहिली. आबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या मगाकडे गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी पुन्हा आवाज केला नाही.

भांडं नव्हतं, म्हणून हातातला मग मी माशासकट अंगणातल्या धुण्याच्या हौदात उपडा केला. तो चौथा मासा जगला. पुढच्या पाण्याच्या दिवशी जगला, त्याच्या पुढच्याही. आईच्यानं हौद कधी पुरता उपसला जायचा नाही, अर्ध्या शिळ्या पाण्यावर ती नवं पाणी सोडायची. आम्हाला तेव्हाही काही सुचलं नाही. जागा मानवली त्याला, असं म्हणालो. आबांच्या खाटेवरून अंगण दिसत नव्हतं. मासा वाचवायला त्यांना तो नजरेआड करावा लागला, हे मला शकीलभाईंच्या दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. जूनमध्ये शाळा उघडली, मी जळगावला परतले. निघताना बघितलं तर आबांची मान उजवीकडेच होती. तिथे रिकामं स्टूल होतं. त्यावर आईनं औषधाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. दुसरं भांडं मी आणलं नाही. शब्दाची पक्की ना मी!

आबा श्रावणात गेले. बोलले नाहीत.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरणार होतं. मी पदर खोचला. कामाला लागले की मला रडू येत नाही, म्हणून मी कामाला लागते. आदल्या दिवशी नळ आला. मी मासा बादलीत काढला, हौद तळापर्यंत उपसला, काथ्यानं घासला, शेवाळ खरवडून काढलं आणि ताज्या पाण्यानं भरला. मासा आता चांगला चार बोटं लांब झाला होता. त्याला मी स्वतःच्या हातानं त्या पाण्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी पानं मांडली जात असताना अक्का अंगणातून हाका मारत आल्या. मासा वर तरंगत होता.

सगळ्या बायका हौदाभोवती जमल्या. कुणीतरी म्हणालं, "त्यासनामांगे गया वं माय." झालं. एका तोंडाचं दुसऱ्या तोंडी होत गल्लीभर झालं. मुक्या जनावराला माया कळते, धन्यासोबत गेला. आईनं त्या माशाला पारिजातकाच्या झाडाखाली पुरलं, वर हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून तिचं रडणं जरा कमी झालं. मीही मानलं. नुसतं मानलं नाही, सांगत फिरले. स्टाफरूममध्ये सांगितलं, लग्नकार्यात सांगितलं, साक्षीला मांडीवर घेऊन सांगितलं. आबांच्या मागे गेलेला मासा. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे, माझेही. साक्षीला फिशटँक हवा होता तो ह्या गोष्टीपायीच.

आता टँक घरी आला आहे. लांबट, पसरट, खिडकीपासून दूर. दोन दिवस तो रिकामाच होता आणि दोन बादल्या पाणी बाल्कनीत उघडं ठेवलं होतं. परिसर अभ्यासाचे पेपर तपासता तपासता मी रिकाम्या काचेकडे बघायचे. पेपरात पोरांनी आकृत्या काढल्या होत्या. धरण, टाकी, गाळणी, क्लोरीन, घर. एका मुलीनं घराच्या दारात नळ काढला होता आणि नळाखाली घागर घेऊन हसणारी बाई. मी तिला पैकीच्या पैकी दिले आणि पेन खाली ठेवलं. कानात 'आं, आं' सुरू होतं. ते अजून थांबलेलं नाही. नळ उघडला की येतं, भाजी धुताना येतं. भीती वाटते असं नाही. उत्तर द्यायचं राहिलं आहे असं वाटत राहतं.

शेवटी काल आईला फोन लावला. ती धुळ्यातच असते. म्हटलं, निदान एका माणसाला तरी कळायला हवं की आबा काय सांगत होते. त्यांचं म्हणणं आता तरी कुणीतरी ऐकायला हवं. मी सगळं सांगितलं. ताजं पाणी, औषध, हात, चावी, भांडं का फोडलं ते. हौदातल्या माशाचंही सांगितलं. मला वाटलं, फोन कट झाला.

"आई?"

"म्हंजे..." ती थांबली. "म्हंजे, त्यासले बठ्ठं समजे?"

"हो आई. सगळं समजत होतं. शेवटपर्यंत." मला भरून आलं होतं. एकदाचं बोलले, असं वाटलं.

मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "मंग मी देवले जे सांगे, ते बी त्यासनी आयकं व्हई का वं, बाई?"

आई देवाला काय सांगायची ते मला माहीत होतं. सहा महिने एकटीनं उचलून, धुऊन, भरवून ती पार पिचली होती. रोज दिवा लावताना हात जोडून, यांना आता घेऊन जा म्हणून मोठ्यानं विनवायची, "देवा, आते यासले लई जाय रे. बस झालं." रोज. देवघर त्याच मधल्या खोलीत, खाटेपासून हातभर अंतरावर होतं. तिलाही वाटायचं, कुठे समजतंय यांना.

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, घरात एकटी असते, संध्याकाळी त्याच देवासमोर दिवा लावते.

"छे गं आई," मी म्हणाले. "एवढं कुठलं समजायला त्यांना! मी आपलं उगाच जुळवत बसले. हात काय, असाच हलायचा. मासे उन्हानंच गेले असतील."

"हां," आई म्हणाली. "ऊनबी गंज व्हतं तवय."

"भयंकर होतं."

मग आम्ही दोघी बराच वेळ धुळ्याच्या उन्हाबद्दल बोललो.